रोज एक नोंद

जमिनीवरची जड पेटी ढकलून पाहा. ती जागची हलवायला जितका जोर लागतो, तितका ती सरकत ठेवायला लागत नाही. कारण स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त असते. समाजमाध्यमावर नियमित लिहिण्याचेही तसेच. सुरुवात जड जाते.

ही झाली उपमा; पण सवय मोजताही येते. लंडनच्या फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोजची साधी कृती अंगवळणी पडण्याचा काळ १८ ते २५४ दिवस निघाला, मध्यक ६६. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही.

आता प्रयोग करा. जमिनीवर एक मीटर राहील अशी काठी मैदानात उभी रोवा. जानेवारीपासून रोज दुपारी साडेबाराला तिची सावली मोजा आणि छायाचित्रासह एक ओळ शाळेच्या खात्यावर टाका. वेळ ठरलेली असली की वेगळी आठवण करावी लागत नाही. एका चित्रातून काही कळणार नाही. महिन्याभराच्या मालिकेत सावली आखडत गेलेली, म्हणजेच सूर्य उत्तरेकडे सरकलेला दिसेल. चुकलेली नोंद मात्र अंदाजाने भरू नका. जागा मोकळी ठेवा. किती जणांना आवडले ते नंतर पाहा. आधी सावली मोजा!