बाप लवकर जातो, आई दुखणं अंगावर काढते



आपल्या वस्तीत तरुणपणीच नवरा गेलेल्या किती बहिणी आहेत, मोजून पाहा. याला नशीब म्हणू नका. दुःखाला कारण असते आणि ते दूर करता येते, हीच बुद्धांची शिकवण.

2016-20 च्या सरकारी आकडेवारीनुसार भारतात पुरुषाचे आयुर्मान 68.6 वर्षे, स्त्रीचे 71.4 वर्षे. पुरुष लवकर का जातात? तंबाखू, दारू, अपघात, क्षयरोग, धोक्याची कामे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 38 टक्के पुरुष आणि 9 टक्के स्त्रिया तंबाखू वापरताना आढळल्या. गटारात गुदमरून मरणारे तर जवळपास सगळे पुरुषच, आणि बहुतेक दलित.

मग बायका सुखात आहेत का? त्याच पाहणीत 57 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघाले. पुरुषांत 25 टक्के. जी शेवटी जेवते, ती दवाखान्यातही शेवटी जाते. वॉर्डात नोकरी करताना आम्ही हेच पाहिले: पुरुषाला शेवटच्या घटकेला उचलून आणतात, बाई नवऱ्याचा, मुलांचा केसपेपर काढते, स्वतःचा नाही.

रमाई 1935 साली आजारपणात 37व्या वर्षी गेल्या. मधुमेहाने त्रस्त बाबासाहेब 1956 साली 65व्या वर्षी गेले. त्या काळी नसलेल्या सोयी आज आपल्या हाताशी आहेत. त्या वापरू या:

1. तिशी ओलांडली की नवरा-बायको दोघांनीही वर्षातून एकदा सरकारी आरोग्य केंद्रात बीपी आणि शुगर मोफत तपासावी. बीपी 140/90 किंवा जास्त निघाले तर पुन्हा तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गोळ्या मनाने बंद करू नयेत.

2. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासावी. टीबीची औषधे मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा 1000 रुपयेही मिळतात.

3. छातीत दुखणे, अचानक दम लागणे, घाम येणे, जबडा किंवा पाठ दुखणे, हे हार्टअटॅकचे लक्षण असू शकते. बायकांना कधी कधी छातीत न दुखताही अटॅक येतो. "गॅस असेल" म्हणून थांबू नका. 108 ला फोन करा.

4. घरात सगळ्यांनी एकत्र जेवावे. डाळ, पालेभाजी, अंडी आईच्या ताटातही पडली पाहिजेत.

आजारी भिक्खूला बुद्धांनी स्वतः आंघोळ घातली होती. पंचशीलातले पाचवे शील दारूपासून दूर राहायला सांगते. ते रोज म्हणतो, तसे पाळूही या. येत्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर बीपी तपासणी ठेवा. आणि त्या रांगेत बापांनो, तुम्हीही उभे राहा.

नमो बुद्धाय!