पोळ्या लाटताना कंबर का भरून येते?

प्रश्न : वय ४६. सकाळी पोळ्या लाटताना कंबर भरून येते, मान आखडते. एक्स-रे नॉर्मल आहे. मग दुखतं कशानं?

उत्तर : ताई, एक्स-रेत हाडं दिसतात, स्नायूंचा थकवा नाही. आधी ओटा बघा. पोळपाट कोपरापेक्षा वीतभराहून खाली असेल तर तुम्ही नकळत वाकता आणि सुमारे ५ किलोचं डोकं मानेचे स्नायू पेलत राहतात. पोळपाटाखाली भक्कम, न हलणारा पाट घ्या. एक पाय आळीपाळीने बुटक्या पाटावर टेका. कंबरेला आराम पडतो. पाच-सहा पोळ्या झाल्या की लाटणं ठेवून खांदे फिरवा. कितीही ताठ उभं राहिलात तरी तसंच खिळून राहणं छळतंच. पायात मुंग्या, बधिरपणा असेल तर डॉक्टरांना दाखवा. लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी.