सापडण्याची तयारी

पाण्याखाली उतरण्याची विद्या शिकवताना श्वासाची लय, कानांवरचा दाब, टाकीतल्या हवेचा हिशेब आणि सावकाश वर येण्याची शिस्त ह्या गोष्टी विद्यार्थ्याच्या मनावर जितक्या कळकळीने ठसवल्या जातात, तितक्या कळकळीने, वर आल्यानंतर त्याने दुसऱ्याच्या नजरेस पडावे कसे, हे क्वचितच ठसवले जाते. समज असा असतो, की डोके पाण्याबाहेर आले आणि मोकळी हवा छातीत गेली, म्हणजे धोका सरला. खुल्या समुद्रात हा समज प्राणघातक ठरू शकतो. कारण होडी नांगरावर एका जागी उभी असते, पाणी मात्र उभे नसते, आणि पाऊण तास त्या चालत्या पाण्याच्या स्वाधीन झालेला मनुष्य जेथे वर येतो, ती जागा त्याने नव्हे, प्रवाहाने निवडलेली असते. मला हे ज्या रीतीने उमगले ती रीत इतरांच्या वाट्यास येऊ नये, म्हणून हे चार शब्द.

मालवणच्या किनाऱ्यापासून बऱ्याच आत, माझे एक जुने स्नेही आणि मी, हिवाळ्यातल्या एका दुपारी उतरलो होतो. पौर्णिमेचे दिवस असल्यामुळे उधाण होते, आणि उधाणाच्या दिवसांत पाण्याची ओढ भांगाच्या दिवसांपेक्षा कितीतरी जोरकस असते, हे किनाऱ्यावरच्या पोरासोरांनाही ठाऊक असते. भरती पुरी होऊन पाणी स्तब्ध होण्याची वेळ होडीवाल्यांनी निवडली होती व ती योग्यच होती; परंतु आमच्या आधी उतरलेल्या तुकडीला विलंब झाला, आणि आमची पाळी येईतो ओहोटी लागली. तळाशी खडकांच्या आडोशाला ती विशेष जाणवली नाही. पाच मीटर खोलीवरच्या तीन मिनिटांच्या नेहमीच्या थांब्यावर मी दोरीचे रीळ सोडून केशरी सॉसेज, म्हणजे हवा भरून उभी करायची खुणेची नळी, वर पाठवले, तेव्हा मात्र दोरी सरळ न राहता तिरकी ताणली गेली. वर येऊन पाहतो तो होडी पूर्वेला दूर राहिलेली, आणि तिच्यावरची माणसे इंजिनावर वाकलेली. ते इंजिन सुरू होत नव्हते, हे आम्हांला मागाहून कळले.

दुपारचा खारा वारा एव्हाना उठला होता. पाणी बाहेर ओढत होते, वारा आत ढकलत होता, आणि ह्या दोहोंच्या झगड्यात लाटा आखूड व उभ्या झाल्या होत्या. लाटेच्या माथ्यावर आलो म्हणजे क्षणभर होडी दिसे, पोटात गेलो म्हणजे भोवती पाण्याच्या भिंतींखेरीज काही उरत नसे. आम्ही शिट्या फुंकल्या. पण एवढ्या अंतरावर, लाटांच्या गडबडीत, कोणी मान वळवली नाही. हात हलवून काय होणार? काळ्या पोशाखातला मनुष्य अर्ध्या किलोमीटरवरून पाण्यात तरंगणाऱ्या नारळासारखा दिसतो, तोही दिसलाच तर. होडीकडे पोहत जाण्याचा मोह अनावर होता. माझ्या स्नेह्यांनी माझा पट्टा घट्ट धरून ठेवला आणि एवढेच म्हटले, “दम राखा, ही ओढ आपल्याला हरवणारी आहे.”

सॉसेज उभे धरणे हे वाटते तितके सोपे काम नाही, हे त्या वेळी अनुभवले. नळी अर्धवट भरलेली असली तर ती पाण्यावर आडवी लोळते आणि तिचा उपयोग शून्य होतो. म्हणून खालच्या तोंडातून हवा भरून ती टणक करावी लागते, मग तिची दोरी दोन्ही हातांनी छातीशी खाली ओढून धरावी लागते, तेव्हा कोठे ती ताठ उभी राहते, आणि थोड्याच वेळात दंड भरून येतात. आम्ही पाळीपाळीने ती धरली. ज्याचे हात मोकळे, त्याने खिशातला लहानसा आरसा काढून, पश्चिमेकडून परतणाऱ्या होड्या जेथे दिसत होत्या तेथे सूर्याचा कवडसा फिरवत राहायचे, असे ठरले. सूर्य त्याच बाजूला कलला असल्यामुळे कवडसा रोखणे सुलभ होते. शेवटी एक मासेमारीची होडी वळली. तिच्या तांडेलाने आम्हांला वर ओढून घेतल्यावर सांगितले, “आधी कायतरी चकाकला, मगे ती केशरी नळी दिसली, म्हणान इलंय. डोकी खंय दिसतत!”

त्या तांडेलाच्या बोलण्यात ह्या विषयाचे सार आहे. समुद्रात मनुष्य पुष्कळ वेळ जिवंत राहू शकतो. शोध मात्र फार लवकर अवघड होतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, हा वेग ऐकायला किरकोळ. परंतु वाहण्याची दिशा ठाऊक नसेल, तर एका तासानंतर शोधाचे क्षेत्र सुमारे ११ चौरस किलोमीटर, दोन तासांनंतर ४३ आणि तीन तासांनंतर ९७ होते. वेळ तिप्पट झाला, तर क्षेत्र नऊपट होते. होडीत उभ्या असलेल्या माणसाची नजर क्षितिजापर्यंत म्हणजे सुमारे पाच किलोमीटर पोहोचते हे खरे. पण लाटेआड लपलेले डोके त्या नजरेच्या हिशेबात येत नाही.

जानेवारी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एका अमेरिकन दांपत्याला समुद्रातच ठेवून नौका किनाऱ्याला परतली. शिरगणतीत चूक झाली होती, आणि ती दोघे परतलीच नाहीत हे ध्यानात यायला दोन दिवस लागले. ती पुन्हा कधीच सापडली नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये मलेशियात मर्सिंगच्या समुद्रात चार जण वर आले तेव्हा होडी जागेवर नव्हती. प्रशिक्षिका दुसऱ्या दिवशी सापडली, दोघे त्यानंतर मच्छीमारांच्या दृष्टीस पडले, आणि एक कोवळ्या वयाचा मुलगा मात्र प्राणास मुकला. ह्या दोन्ही प्रसंगी माणसे पाण्याखालून सुखरूप वर आली होती, ही गोष्ट विसरता कामा नये.

म्हणून साधने निवडताना एकच प्रश्न विचारावा: हे साधन किती अंतरावरच्या कोणाला हाक मारते? जवळच्या माणसासाठी शिटी पुरेशी. टाकीच्या हवेवर वाजणारा, बीसीडीच्या, म्हणजे तरंगण्यासाठी फुगवायच्या जाकिटाच्या, नळीला जोडायचा भोंगा तिच्यापेक्षा पुष्कळ दूर ऐकू जातो, परंतु टाकीत हवा शिल्लक असेल तरच, सबब तळाशी हवा संपेतो रेंगाळू नये. नजरेच्या टप्प्यासाठी सॉसेज. ते निदान माणसाच्या उंचीचे, केशरी किंवा पिवळे असावे, आणि रीळ सोडण्याचा सराव आधी उथळ, शांत पाण्यात करून ठेवावा, कारण गुंतलेली दोरी माणसाला अनावर वेगाने वर खेचू शकते. सूर्य असेतो आरशाइतके स्वस्त आणि दूर पोहोचणारे साधन नाही. त्याला विजेची गरज नाही व तो बिघडत नाही. सूर्य मावळला की त्याची जागा लुकलुकणाऱ्या दिव्याने घ्यावी. म्हणून दिवसाच्या बुडीतही एक लहान दिवा जवळ असावा. पाणी हिरवे करणारा रंग विमानातून शोधणाऱ्याला उपयोगी पडतो, होडीतल्याला फारसा नाही.

ह्यापलीकडचे अंतर बिनतारी साधनांचे. त्यांचे दोन प्रकार ध्यानात ठेवावे. पहिला, उपग्रहाला हाक मारणारा वैयक्तिक बीकन, ज्याला पी. एल. बी. म्हणतात. तो ४०६ मेगाहर्ट्‌झवर कॉस्पास-सारसॅट ह्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेला इशारा देतो. अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स ह्यांनी मिळून उभारलेल्या ह्या व्यवस्थेचा पहिला उपग्रह १९८२ मध्ये सुटला व त्याच वर्षी तिच्यामुळे पहिले प्राण वाचले. आपल्याकडे तिचे नियंत्रण केंद्र बंगळुरूला इस्रोकडे आहे, आणि तेथून वर्दी तटरक्षक दलाच्या मुंबई, चेन्नई व श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) येथील सागरी बचाव केंद्रांकडे जाते. बीकन निदान २४ तास चालतो. पण त्याची अँटेना आकाशाकडे उभी, पाण्याबाहेर धरून ठेवावी लागते. बहुतेक बीकन डायव्हरच्या खोलीवरचा दाब सोसण्यासाठी बनवलेले नसतात, म्हणून त्यासाठी वेगळी दाबरोधक डबी लागते. जुना, केवळ १२१.५ मेगाहर्ट्‌झवर चालणारा बीकन कोणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नये. फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह ती हाक ऐकत नाहीत.

दुसरा प्रकार आसपासच्या नौकांना हाक मारणारा. हे ए. आय. एस. यंत्र जहाजाच्या पडद्यावर आपली जागा दाखवते, आणि त्याच्या ओळखक्रमांकाचा आरंभ ९७२ ने होत असल्यामुळे हा समुद्रात पडलेला मनुष्य आहे हे पाहणाऱ्याला तत्काळ कळते. खास डायव्हरांसाठी बनवलेले ‘नॉटिलस लाइफलाइन’ झाकण बंद असता १३० मीटर खोलीचा दाब सोसते. मात्र पाण्याच्या पातळीवरून ही हाक काही मैलच जाते, आणि ती ऐकण्याचे यंत्र समोरच्या नौकेवर असेल तरच तिचा उपयोग. आपल्या किनाऱ्यावरच्या लहान मासेमारी होड्यांवर ते बहुधा नसते. ह्याकरिता ज्या होडीतून आपण उतरतो, तिच्यावर ते ऐकणारे यंत्र व ते जाणणारा मनुष्य आहे ना, ह्याची खातरजमा करावी.

एक ताकीद कायद्याची. उपग्रहावरून संदेश पाठवणारी खाजगी यंत्रे आणि उपग्रह-फोन परवान्याशिवाय बाळगणे भारतात गुन्हा आहे, आणि विमानतळावर अशी यंत्रे सामानात सापडल्यामुळे परदेशी प्रवाशांना अटकही झालेली आहे. बिनतारी यंत्रालाही परवाना लागतो. तेव्हा परदेशातून कोणी आप्ताने प्रेमाने असे यंत्र आणून दिले, तरी त्याची नोंदणी व परवानगी ह्यांची तजवीज आधी करावी. बीकनाच्या नोंदीत घरच्या माणसाचा क्रमांक चालू असावा, कारण इशारा आल्यावर पहिली विचारणा तेथेच होते.

साधने जवळ असूनही वर्तन चुकले तर ती व्यर्थ. वर येताच बीसीडी फुगवावी, गरज वाटल्यास वजने टाकून द्यावी, मास्क डोळ्यांवरच ठेवावा, जोडीदाराचा पट्टा धरावा, आणि प्रवाहाच्या विरुद्ध पोहण्यात शक्ती दवडू नये. होडीवर हजेरी संख्येने नव्हे, नावाने घ्यावी, ज्याचे त्याने उत्तर दिल्याशिवाय नांगर उचलू नये. कोणी ठरल्या वेळी वर आला नाही, तर ‘थोडी वाट पाहू’ असे म्हणत न बसता त्या क्षणाची वेळ व जागा लिहून ठेवावी, व्ही. एच. एफ. रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर वर्दी द्यावी, आणि तटरक्षक दलाच्या १५५४ ह्या क्रमांकावर फोन करावा. नऊपट होणाऱ्या क्षेत्राचा हिशेब त्या क्षणापासूनच सुरू झालेला असतो.

होडीत पाऊल ठेवण्यापूर्वी चार प्रश्न विचारावे: आज ओहोटी किती वाजता लागते, आम्ही खाली असताना होडीवर नजर ठेवणारा मनुष्य कोण, इंजिन बंद पडले तर दुसरी होडी कोठून येईल, आणि हजेरी कोण घेतो. हे विचारताना भीड बाळगू नये, आणि ज्या व्यवस्थापकाला ह्या प्रश्नांचा राग येतो, त्याच्या होडीतून पाण्यात उतरू नये.