पोस्टर लावण्याआधी

काचीगुडा, हैदराबाद

चि. मनू,

तुझा सारांश वाचला. हळदीतलं कर्क्युमिन नॅनोकणांत बसवून उंदरांना दिलंस आणि ते रक्तात पूर्वीपेक्षा बरंच जास्त उतरलं, हे झकासच झालं. पण हा सारांश परिषदेला अजून पाठवला नसशील तर थांब. पाठवला असशील तर छापू नका म्हणून आयोजकांना आजच कळव. पीएच.डी. करू की पेटंटच्या कायद्याकडे वळू, या तुझ्या मोठ्या प्रश्नाकडे नंतर येते. आधी हे.

पेटंटसाठी शोध नवा लागतो, आणि आपणच आधी जगजाहीर केलेला शोधही कायद्याच्या लेखी जुना होतो. आपल्या कायद्याच्या कलम 31 मध्ये विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधाला बारा महिन्यांची सवलत आहे, नाही असं नाही. पण तुझं पोस्टर त्यात बसतं का, यावर भांडत बसायची वेळ कशाला आणायची? आणि युरोपात तर तीही सवलत मिळत नाही. त्यापेक्षा विद्यापीठातर्फे आधी प्रोव्हिजनल अर्ज टाकावा. शिक्षणसंस्थेला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 1600 रुपये पडते. तिथून पूर्ण स्पेसिफिकेशन द्यायला बारा महिने मिळतात. अर्जाची पावती हातात आली की खुशाल पोस्टर लाव. गाईडना हे बोलायला संकोचू नकोस. बहुतेक गाईडना पेपरची घाई असते, अर्जाची आठवण कुणी तरी करून द्यावीच लागते.

आता सारांशाबद्दल खरं सांगते. तू कणांचा आकार दिला आहेस, पीडीआय दिला आहेस, झीटा पोटेन्शियल दिलं आहेस. आलेख सुरेख आहे, एकच उंचवटा, शेपूट नाही. मशीनवर मेहनत घेतलीस ते दिसतं. पण हा अर्ज एक्झामिनरच्या टेबलावर गेला तर तो पहिल्यांदा कलम 3(डी) काढेल. 2005 च्या दुरुस्तीनं या कलमाला जे स्पष्टीकरण जोडलं, त्यात क्षार, एस्टर, बहुरूपं यांच्या यादीत एक शब्द आहे: कणाचा आकार. माहीत असलेल्या पदार्थाचा नुसता आकार बदलला तर कायदा त्याला तोच पदार्थ मानतो. गुणात लक्षणीय फरक पडला, आणि तोही परिणामकारकतेच्या बाबतीत, तरच वेगळा. तुम्हा नॅनोवाल्यांचा सगळा धंदाच कणाच्या आकारावर, आणि कायद्यानं नेमकं तिथंच बोट ठेवलं आहे. तुमच्या अभ्यासक्रमात हे कलम कुणी शिकवत नाही, याचा मला राग येतो.

परिणामकारकता म्हणजे काय, हे 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानं नोव्हार्टिसच्या खटल्यात सांगितलं. न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांचं खंडपीठ होतं. औषध ग्लिव्हेक, रक्ताच्या कर्करोगावरचं. त्यातल्या इमॅटिनिबच्या एका विशिष्ट स्फटिकरूपाची जैवउपलब्धता 30 टक्के जास्त आहे, असा कंपनीचा मुद्दा होता. न्यायालयाचं म्हणणं असं की औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग्यावर उपचार म्हणून होणारा परिणाम. औषध रक्तात जास्त उतरलं म्हणून रोगी जास्त बरा झाला असं होत नाही; तसं झालं असेल तर प्रयोगाच्या आकड्यांनी दाखवा. ते दाखवलेलं नव्हतं आणि पेटंट नाकारलं गेलं. त्या अर्जाला सुरुवातीला विरोध करणाऱ्यांत आमच्या हैदराबादच्या नॅटको आणि हेटेरो होत्या, हे इकडची मंडळी अजून अभिमानानं सांगतात.

तुझा सारांश पुन्हा वाच. ‘जैवउपलब्धता वाढली’ या वाक्यावर तो संपतो. सूज किती उतरली? गाठ किती आटली? साधं कर्क्युमिन त्याच मात्रेत दिलेला गट शेजारी होता का? हे प्रयोग आत्ता करता येतात. तीन वर्षांनी हिअरिंगमध्ये विचारल्यावर उंदीरही नसतात आणि प्रयोग करणारी मुलगीही लग्न होऊन किंवा अमेरिकेला निघून गेलेली असते. अॅब्राक्सेन हे नॅनो औषध बघ. त्यातलं मूळ औषध पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही म्हणून ते क्रेमोफोर नावाच्या द्रावकात देत, आणि त्या द्रावकानंच रोग्यांना जोराची अॅलर्जी यायची. अल्ब्युमिनला बांधलेले सुमारे 130 नॅनोमीटरचे कण केल्यावर द्रावकाची गरजच संपली. पण 2005 साली अमेरिकेत मंजुरी मिळाली ती कण लहान आहेत म्हणून नव्हे. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या चाचणीत 33 टक्के रोग्यांच्या गाठी आकसल्या. जुन्या औषधानं 19 टक्क्यांच्या. असा आकडा असला की 3(डी) पुढे उभं राहायला जमीन मिळते.

हळद आहे म्हणून आणखी एक अडचण आहे, आणि ती माशेलकरांची कृपा समज. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. संस्थेनं जुने ग्रंथ आणि 1953 चा भारतीय वैद्यकाच्या नियतकालिकातला लेखही पुढे ठेवला, आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. त्यातूनच पुढे पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं. परक्यांसाठी बांधलेला तो कोट आता तुझ्याही वाटेत आहे. सूज आणि जखम यांवर हळद उपयोगी, हे तू नव्यानं सांगू शकत नाहीस; कण कसा बांधला आणि त्यानं काय साधलं, एवढंच तुझं.

आणखी एक: अर्जात संशोधक म्हणून नावं घालताना पेपरची रीत लावू नका. विभागप्रमुखांचं नाव मानापोटी घालायचं हे पेपरमध्ये चालून जातं. इथं ज्यानं डोकं चालवलं त्याचंच नाव.

आता तुझा प्रश्न. पीएच.डी. कर. कायदा पळून जात नाही. पेटंट एजंटच्या परीक्षेला कायद्याची पदवी लागत नाही, विज्ञानाची किंवा इंजिनिअरिंगची लागते. दोन पेपर आणि तोंडी परीक्षा. प्रत्येक पेपरात निदान 50 टक्के आणि एकूण 60 टक्के हवेत. उत्तीर्ण झालीस की कंट्रोलरपुढे काम चालवता येतं. एलएलबी लागते ती कोर्टात उभं राहायला. विज्ञानातल्या बायकांसाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचं पेटंटचं प्रशिक्षणही असतं, पूर्वी त्याला डब्ल्यूओएस-सी म्हणत, त्यावर लक्ष ठेव. शिवाय इथं नालसार या कायद्याच्या विद्यापीठाचा पेटंट कायद्याचा पदविका अभ्यासक्रम घरून करता येतो. नालसार शामीरपेटला, लसकंपन्यांची जीनोम व्हॅलीही त्याच बाजूला. लस आणि कायदा एकाच रस्त्यावर शिकता येतील असं हे गाव आहे.

पण लॅबला कंटाळून कायद्यात येऊ नकोस. आमच्याकडे तशी बरीच येतात. पेटंटचे क्लेम छान लिहितात, भाषा घोटीव असते, पण शंभर ते दोनशे नॅनोमीटर असं लिहिताना दोनशेपलीकडे काय बिघडतं हे त्यांना सांगता येत नाही, कारण त्यांनी कधी कण बिघडलेला पाहिलेला नसतो. तू पाहिला आहेस. गेल्या दिवाळीत तीन दिवसांनी तळाशी बसलेला गाळ दाखवत होतीस, तो वहीत लिहिला आहेस ना? तारीख घालून? फसलेल्या बॅचेसच क्लेमची हद्द ठरवतात.

आणि कायदा फक्त अडवणारा आहे असं समजू नकोस. 9 मार्च 2012 रोजी नॅटकोला सोराफेनिब या कर्करोगावरच्या औषधाचा सक्तीचा परवाना मिळाला, देशातला पहिला. महिन्याला 2,80,000 रुपयांच्या वर जाणारं औषध 8,880 रुपयांत द्यायची अट होती. ‘परवडणारी किंमत’ हे शब्द कायद्यात होते म्हणून हे झालं. तू उद्या मोठ्या कंपनीची बाजू मांडशील की तिच्या विरुद्धची, ते तुझं तू ठरव. मी दोन्हीकडची कामं केली आहेत आणि दोन्हीकडे शहाणी माणसं भेटली.

सारांश तू मला विश्वासानं पाठवलास, त्याला प्रसिद्धी म्हणत नाहीत. पण तो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नकोस. दादा कौतुकानं चार ठिकाणी पुढे पाठवेल. पुढचा मसुदाही मला पाठवू नकोस. शोध बहुधा विद्यापीठाच्या मालकीचा असेल, त्यांचा एजंट असेल, आणि मी तुझी आत्या आहे. गाईडशी बोललीस की नांदेडहून रात्रीच्या गाडीनं ये, तुला इथली एक लॅब दाखवायला नेते. मूळ वही मात्र तुझ्या लॅबमध्येच राहू दे.

तुझी,
आत्या