सोमेश्वरनगरच्या वाटेवर : विज्ञान शाखेचे पहिले वर्ष

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात नीरा–बारामती रस्त्यावर सकाळी एस.टी.ची वाट पाहत उभ्या असलेल्या मुलामुलींकडे पाहिले, तर महाविद्यालयात नव्याने दाखल झालेले विद्यार्थी सहज ओळखू येतात. कोरी प्रयोगवही, घडी न मोडलेला पांढरा ॲप्रन आणि बोलण्यातला काहीसा संकोच ही त्यांची खूण होय. निंबूत, करंजे, मुरुम, वडगाव निंबाळकर अशा गावांतून येणारी ही मुले बहुधा ऊस बागायतदारांची, शेतमजुरांची किंवा कारखान्यातील कामगारांची असतात. घरात पदवीपर्यंत कोणी शिकलेले असेलच असे नाही. विज्ञान शाखेची पदवी तर त्याहून विरळा.

करंजे येथील सोमेश्वराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या परिसराचे रूप १९६० च्या दशकात उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याने पालटले. कारखान्यामागोमाग शिक्षणाची सोय आली. मु. सा. काकडे महाविद्यालय १९७२ साली सुरू झाले, ते वर्ष महाराष्ट्राच्या भीषण दुष्काळाचे होते. तोवर परिसरातील मुलांना पदवीसाठी बारामती, फलटण किंवा पुणे गाठावे लागे, आणि खोलीचे भाडे व खानावळीचा खर्च न परवडणाऱ्यांचे शिक्षण मॅट्रिकलाच थांबे. आज महाविद्यालय घरापासून काही मैलांवर आले आहे. अंतर कमी झाले, तरी पहिल्या वर्षाची वाट सोपी झाली असे मात्र म्हणता येत नाही. बारावीला बरे गुण मिळवून आलेला विद्यार्थी पहिल्याच सत्रात दोन-तीन विषयांत अडखळतो. घरचे लोक त्याला ‘डोके नाही’ म्हणतात आणि तोही तसे मानू लागतो. हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते.

शाळेचे मराठी, महाविद्यालयाचे इंग्रजी

ग्रामीण भागातील बहुसंख्य मुलांनी दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकलेले असते. काही शाळांत सेमी-इंग्रजीचे वर्ग आहेत, परंतु तेथेही समजावून सांगण्याची भाषा मराठीच राहते. आम्ल, आम्लारी, दर्शक, उदासिनीकरण, संपृक्त द्रावण, संवेग हे शब्द मुलांच्या ओळखीचे असतात. अकरावीपासून पुस्तक इंग्रजी होते आणि हेच पदार्थ, हीच क्रिया ‘ॲसिड’, ‘बेस’, ‘इंडिकेटर’, ‘न्यूट्रलायझेशन’ अशा नावांनी समोर येते. वस्तू ओळखीची, नाव मात्र अनोळखी! जुन्या पद्धतीत, म्हणजे १९७५ च्या सुमारास १०+२+३ हा आकृतिबंध येण्यापूर्वी, हा धक्का मॅट्रिकनंतर महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी बसत असे. नव्या आकृतिबंधात तो अकरावीतच बसू लागला. त्यामुळे बारावी होईपर्यंत इंग्रजी अंगवळणी पडली असेल, असे गृहीत धरले जाते.

प्रत्यक्षात तसे होत नाही, आणि त्याचे कारण अभ्यासक्रमाइतकेच परीक्षेच्या स्वरूपात आहे. अकरावी-बारावीतील मुलांचे सारे लक्ष प्रवेश परीक्षांकडे असते. चार पर्यायांतून एकावर खूण करण्याचा सराव दोन वर्षे चालतो; त्यात गती येते, पण वाक्य लिहावे लागत नाही. बी.एस्सी.च्या पहिल्या सत्रात ‘स्पष्ट करा’, ‘सिद्धता द्या’, ‘फरक सांगा’ असे प्रश्न आले की उत्तर ठाऊक असूनही कागद कोरा राहतो. शिक्षकांनी येथे एक साधा उपाय करून पाहण्यासारखा आहे. पहिले काही आठवडे प्रत्येक तासाच्या अखेरीस मुलांना शिकवलेल्या भागावर चार वाक्ये लिहावयास सांगावीत, प्रथम मराठीत आणि मग इंग्रजीत. मराठीतील चार वाक्ये नीट जमली, तर अडचण भाषेची आहे. तीच जमली नाहीत, तर विषय समजलेला नाही. हा भेद कळल्याखेरीज मदत कोणती करावी हे ठरत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानेही एप्रिल २०२३ मध्ये, इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहिण्याची मुभा द्यावी, असे विद्यापीठांना सुचविले होते. शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश व १९६६ पासून कार्यरत असलेल्या मराठी विज्ञान परिषदेचे कार्य यांचा उपयोग या टप्प्यावर व्हावयास हवा. ग्रंथालयाच्या कपाटात बंद राहिलेल्या कोशाने कोणाचेही भले होत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. पहिल्या वर्षाच्या वर्गातील काही मुले मनाने त्या वर्गात नसतातच. वैद्यकीय वा अभियांत्रिकीचा प्रवेश हुकला, म्हणून एक वर्ष ‘बसून राहण्यापेक्षा’ बी.एस्सी.ला नाव घातलेले असते. पुन्हा प्रवेश परीक्षा देण्याचा बेत असतो. त्यात गैर काही नाही. परंतु वर्षअखेरीस दुसरा प्रयत्नही फसला, तर हाती ना ती जागा राहते, ना हे वर्ष. असा निर्णय पालकांनी व मुलाने जुलैमध्येच विचारपूर्वक घ्यावा.

प्रयोगशाळेतील पहिले दिवस

शाळेत प्रयोग बहुधा शिक्षक करून दाखवितात आणि मुले पाहतात. महाविद्यालयात ब्युरेट स्वतःच्या हाती येते. पहिल्या अनुमापनात फिनॉल्फ्थॅलिनचा फिकट गुलाबी रंग अचूक थेंबाला थांबविणे कोणालाच साधत नाही. एक थेंब जास्त पडतो, चंचुपात्र गडद गुलाबी होते आणि शेजारच्या मुलाचा आकडा आपल्या वहीत उतरविण्याचा मोह होतो. याच क्षणी विद्यार्थ्याच्या पुढील तीन वर्षांची दिशा बरीचशी ठरते. चुकलेला आकडा वहीत तसाच लिहून प्रयोग पुन्हा करावयाचा असतो, हे त्याला कोणी तरी सांगावे लागते. शाळेत बरोबर उत्तराला गुण होते. येथे तीन वाचने एकमेकांशी जुळतात की नाही याला महत्त्व आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या नव्या रचनेत प्रत्येक सत्राला २२ श्रेयांक आहेत. व्याख्यानाच्या एका श्रेयांकासाठी १५ तास, तर प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी ३० तास द्यावे लागतात. म्हणजे प्रयोगशाळेतील गैरहजेरी दुप्पट तासांची हानी करते, हे पालकांनाही समजले पाहिजे.

उसाच्या रसातील विज्ञान

सोमेश्वरनगरच्या विद्यार्थ्याला शहरी विद्यार्थ्यापेक्षा एक मोठी अनुकूलता आहे, तिची जाणीव मात्र त्याला क्वचितच करून दिली जाते. रसायनशास्त्राची एक भली मोठी प्रयोगशाळा गळीत हंगामात त्याच्या डोळ्यांपुढे रात्रंदिवस चालू असते. रसातील विरघळलेल्या सर्व घन पदार्थांचे शेकडा प्रमाण म्हणजे ब्रिक्स, आणि त्यांतील साखरेचे प्रमाण म्हणजे पोल. एखाद्या रसाचा ब्रिक्स २० व पोल १७ असेल, तर त्याची शुद्धता ८५ टक्के. हे गणित शाळकरी मुलालाही येते. पण पोल मोजतात कसा? साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश जाऊ दिला की त्याचे प्रतल उजवीकडे वळते, आणि किती वळले यावरून साखर किती ते कळते. पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र येथे एकाच नळीत भेटतात.

तोडलेला ऊस वेळेवर गाळला गेला नाही की वजन घटते व उतारा पडतो, हे या भागातील प्रत्येक शेतकरी जाणतो. उसाचा रास्त व किफायतशीर दर उताऱ्याशी निगडित असल्याने हा विषय थेट त्याच्या खिशाशी संबंधित आहे. शिळ्या उसात उसाची साखर फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात, आणि या मिश्रणातून जाताना ध्रुवित प्रकाश उजवीऐवजी डावीकडे वळतो. लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० साली नेमकी हीच क्रिया आम्लाच्या सान्निध्यात घडवून, प्रकाशाचे वळण वेळोवेळी मोजून, रासायनिक क्रियेचा वेग गणिताने मांडला. रासायनिक गतिशास्त्राची सुरुवात त्या प्रयोगापासून मानली जाते. पाठ्यपुस्तकातील समीकरणापुढे हतबुद्ध झालेल्या मुलाला, हे समीकरण वडिलांच्या बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वाळणाऱ्या उसाचे आहे, असे सांगून पाहावे.

तीच गोष्ट रस आटविण्याची. गुऱ्हाळावर काहील उघड्यावर उकळते, तर कारखान्यातील बंद भांड्यात हवेचा दाब कमी करून पाक सुमारे ६० ते ७० अंश सेल्सिअसलाच उकळविला जातो, म्हणजे साखर करपत नाही. दाब व उत्कलनबिंदू यांचा संबंध दाखविणारा याहून बोलका दाखला कोणत्या पुस्तकात सापडेल? नदीपलीकडे, सातारा जिल्ह्याच्या हद्दीत पाडेगाव येथे १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. ‘नीरा’ या नावाने ओळखला जाणारा को ८६०३२ हा वाण या खोऱ्यातील शेतकऱ्यांच्या तोंडी असतो, परंतु वाण म्हणजे काय आणि तो कसा सिद्ध होतो हे वनस्पतिशास्त्राच्या तासाला विचारले, तर मुले गप्प राहतात. हे दोन्ही शब्द एकच आहेत, हे त्यांना जोडून दाखविलेले नसते.

पाळी, पास आणि परीक्षा

अभ्यासाला वेळ मिळण्याचा प्रश्न वेगळाच आहे. कालव्याच्या पाण्याची पाळी रात्री आली, तर घरातील तरुण मुलालाच दारे धरावी लागतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या तासाला तो पेंगतो. पहिल्या सत्राची परीक्षा साधारणपणे दिवाळीच्या मागेपुढे येते. त्याच सुमारास गळीत हंगाम सुरू होतो, तोडणीची धावपळ उडते आणि रस्ते ऊसवाहतुकीने भरून जातात. घरातील माणसांनी परीक्षेपूर्वीचे तीन आठवडे मुलाला रात्रीच्या पाण्यातून मोकळे केले, तरी पुष्कळ झाले.

मुलींच्या बाबतीत आणखी सावध राहावे लागते. अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस.टी.चा मोफत पास बारावीपर्यंतच मिळतो. पदवीच्या पहिल्या वर्षापासून विद्यार्थी सवलतीचा मासिक पास काढावा लागतो. त्यात सुमारे दोन तृतीयांश सवलत असली, तरी रोजच्या खर्चाची ही नवी बाब काही घरांत अडसर ठरते. मुलगी अठरा वर्षांची होते ती याच वर्षी. पहिल्या सत्रात एखाद्या विषयात ‘एटीकेटी’ लागली की, ‘शिकण्यात हिचे मन नाही’ असे म्हणून स्थळे पाहण्यास प्रारंभ होतो. वस्तुतः एटीकेटी म्हणजे नापास होऊन घरी बसणे नव्हे. राहिलेला विषय पुढे सोडविता येतो. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी, विशेषतः महिला सदस्यांनी, अशा घरी एकदा जाऊन एवढेच समजावून सांगितले, तरी एखादे शिक्षण वाचू शकते.

शिष्यवृत्त्यांचे असेच. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावयाचा असतो. अडते ते उत्पन्नाच्या दाखल्यापाशी किंवा आधारशी न जोडलेल्या बँक खात्यापाशी. ग्रामसेवक व तलाठी यांनी जूनमध्येच गावातील नव्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची नावे टिपून ठेवली, तर ऐन मुदतीच्या दिवशी होणारी पळापळ टळेल. अभ्यासिकेसाठी ग्रामपंचायतीची एक खोली, दिवा आणि शांतता एवढे भांडवल पुरते.

खारवट जमिनीचा धडा

विज्ञानाचा विद्यार्थी गावाला काय देतो, असा प्रश्न ग्रामसभेत कोणी विचारला तर उत्तर शेजारच्या शिवारात सापडेल. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाहू लागला. पाण्याबरोबर सुबत्ता आली, पण निचरा न होणाऱ्या जमिनींत भूजल वर चढले आणि क्षार पृष्ठभागावर साचले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींचा अभ्यास करून तो १९१० साली प्रसिद्ध केला. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी पांढरे डाग पडलेली शेते आणि त्यांतील खुरटा ऊस या पट्ट्यात आजही दिसतो.

हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहे. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता मीटरला ४ डेसिसायमनपेक्षा अधिक भरली तर जमीन क्षारयुक्त समजतात, सामू ८.५ च्या वर गेला आणि सोडियम वाढला, तर ती चोपण होते. पहिलीला निचऱ्याचे चर व भरपूर पाणी, तर दुसरीला त्याआधी जिप्सम लागते. दोन्हींवर एकच उपाय केला की पैसा वाया जातो. सामू व विद्युतवाहकता मोजणारी उपकरणे महाविद्यालयीन प्रयोगशाळांत असतात. दुसऱ्या सत्रात शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्यास आपल्या शेतातील किंवा शेजाऱ्याच्या शेतातील मातीचा नमुना आणावयास सांगावे. शेतात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा सुमारे २० सेंटिमीटर खोलीचा खड्डा घ्यावा, त्याच्या कडेची माती खरवडून गोळा करावी, सावलीत वाळवावी, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि असे करीत अर्धा किलो माती उरली की ती स्वच्छ कापडी पिशवीत भरून, गटक्रमांक व तारीख लिहिलेली चिठ्ठी आत घालून, सकाळच्या एस.टी.ने महाविद्यालयात न्यावी.