कुत्रं भुंकलं नव्हतं

आमची वस्ती गावापासून अडीच किलोमीटरवर, श्रीगोंदा तालुक्यात. तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या शिवारात दरोडा पडला. म्हाताऱ्या नवराबायकोला बांधून घातलं आणि अंगावरचं सोनं ओरबाडून नेलं. त्यानंतर महिनाभर आसपासच्या वस्त्यांवर कुणाला धड झोप नव्हती. मला मात्र लागायची, कारण माझ्या पलंगाखाली आबांची दुनळी होती.

आबांनी ती डुकरांसाठी घेतलेली. परवाना पीकसंरक्षणाचा. ते गेल्यावर वारस म्हणून माझ्या नावावर झाली, पण त्याआधी आठ महिने पोलीस ठाण्यात पडून होती. 2016च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाची सत्तरी झाली, किंवा शस्त्र बाळगून 25 वर्षं झाली, की हयातीतच ते वारसाकडे देता येतं. आबांना दोन्ही लागू होतं. कुणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. तुमच्या घरात असं म्हातारं माणूस आणि अशी बंदूक असेल, तर यंदाच कलेक्टर कचेरीत जाऊन या.

दरोड्यानंतर मी काडतुसं आणायला दुकानात गेलो. मालकाने विचारलं, "कशासाठी?" म्हटलं, "घरासाठी." "मग एलजीच न्या." मी नेली. बारा बोअरच्या काडतुसात शिसाचे छर्रे असतात आणि त्यांच्या जाडीवरून त्याला नाव पडतं. सहा नंबरच्या काडतुसात अडीच मिलिमीटरच्या आसपासचे शेकडो बारीक दाणे, बीबीत चार मिलिमीटरचे, एसजीत आठ मिलिमीटरच्या वरचे मोजके, आणि एलजीत सगळ्यात जाड, हातावर मोजता येतील इतकेच. दुकानदाराचं चुकलं असं म्हणवत नाही. माणूस अडवायचा तर जाड छर्रा लागतो, हे तो खरंच सांगत होता. पण माझं घर कशाचं आहे, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

माझं घर म्हणजे दोन खोल्या विटांच्या, बाकी सगळा पत्रा. पडवी पत्र्याची, गोठा पत्र्याचा, आणि गोठ्यापलीकडे सालगड्याची खोली, तीही पत्र्याची. तिथे त्याची दोन पोरं झोपतात. मी लहान असताना आबांनी एकदा भुईमुगात डुकरं हुसकायला बार काढला होता. सकाळी मोटारीच्या खोलीच्या पत्र्याला भोकं दिसली. मी बोट घालून मोजली, पाच होती. आतल्या लाकडी फळीलाही तीन. हे सगळं मला ठाऊक होतं. दुकानात उभा असताना आठवलं नाही.

ती रात्र जानेवारीची. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. साडेबाराच्या सुमारास पडवीत दुधाचा कॅन पडला. मी उठलो, बंदूक ओढली, अंधारात चाचपत काडतुसांचा खोका काढला. नव्या एलजीचा खोका कपाटात. हाताला लागला तो आबांचा जुना, कागदी नळकांड्यांचा. तीन पावसाळे पेटीत काढलेला. पहिलं काडतूस नळीत जाईनाच. कागद दमट हवेने फुगतो आणि मग काडतूस अर्ध्यावर अडकतं. ते काढून टाकलं, दुसरं अंगठ्याने दाबून बसवलं. नळी तीस इंचाची. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये ती वळेना, दस्ता कपाटावर आपटला. एवढ्यात पत्र्याच्या फटीतून बॅटरीचा उजेड हलला. मी "कोण?" म्हणून विचारलं नाही. उजेडाच्या दिशेने चाप ओढला.

खट्ट.

आणि पलीकडून आवाज आला, "अण्णा, फ्यूजची तार कुठंय? मोटार पडली."

माझा चुलतभाऊ. विहीर सामाईक, त्या रात्री पाण्याची पाळी त्याची. स्टार्टर आमच्या पडवीत आहे, हे मला माहीत होतं. तो बसवलाच मी. मी "खिडकीत आहे" म्हणालो आणि खाली बसलो. अंगाला घाम सुटला होता. दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं की कुत्रं भुंकलं नव्हतं. चोर असता तर त्याने वस्ती डोक्यावर घेतली असती.

त्या न उडालेल्या काडतुसाच्या पितळी बुडाला हिरवट थर चढला होता आणि टिकलीवर पिनेचा खळगा स्पष्ट पडला होता. टिकली पेटली नाही, म्हणून चुलतभाऊ वाचला. मीही वाचलो, असंच मी म्हणतो. आणि तेव्हासुद्धा मी चूक केली. बार न झाल्याबरोबर बंदूक मोडून उघडली. काही काडतुसं उशिरा पेटतात. अशा वेळी नळी निर्धोक दिशेला, जमिनीकडे धरून किमान अर्धा मिनिट तरी थांबायचं असतं. शस्त्र प्रशिक्षणात हे शिकवतात. आबांनी मला चाप कुठे आहे तेवढं दाखवलं होतं.

आता लोक विचारतात, घरासाठी काय घ्यावं. पोरांना रिव्हॉल्व्हर हवं असतं, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं बत्तीस बोअरचं. कमरेला शोभतं. पण आखूड नळीचा नेम सरावाशिवाय बसत नाही, आणि घाबरलेल्या हातात तर मुळीच नाही. दुनळी सोपी, पण लांब. कुणी म्हणेल, नळी कापून आखूड करू. शस्त्र कायद्याच्या कलम 6 प्रमाणे परवानगीशिवाय ते केलं तर गुन्हा आहे. जुनी बंदूक असेल तर जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्या, विशेषतः काडतूस बसतं ती जागा. ती 65 मिलिमीटरची असेल आणि तुम्ही 70चं काडतूस घातलंत, तर दाब वाढतो आणि जुनी नळी तो सोसेलच असं नाही. काडतुसं ताजी, प्लास्टिकच्या कवचाची घ्या. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पूर्वीपासून चालत आली आहेत. ती कोरड्या डब्यात, बंदुकीपासून वेगळी, दोन्ही कुलपात ठेवा. पलंगाखाली नाही.

आणि काडतूस निवडण्याआधी दिवसाउजेडी घरभर एक फेरी मारा. कुठे उभा राहीन, नळी कुठे वळेल, छर्रा चुकला तर कुठल्या भिंतीत जाईल, त्या भिंतीपलीकडे कोण झोपतं. नऊ इंची विटेची भिंत आणि पत्रा यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. माझ्या घरात अशी फेरी मारल्यावर एलजी सोडाच, कुठलंच काडतूस बसेना.

कायद्याचंही थोडं. रात्री घर फोडून कुणी शिरलं तर जीव घेण्यापर्यंत बचावाचा हक्क पोचू शकतो, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 41 मध्ये आहे. गावात हे सगळ्यांना पाठ. कलम 37 मात्र कुणी सांगत नाही: गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. आणि माझ्या पडवीत गुन्हा करणारा कुणी नव्हताच. हे वकिलाला सांगितलं तेव्हा त्याने मला एवढंच विचारलं, "उजेड तुमच्याकडे होता की त्याच्याकडे?"

आता पडवीला सौर दिवा आहे, माणूस हलला की लागतो. दाराला आतून आडणा, खिडक्यांना जाळी, शेजारच्या तीन वस्त्यांशी फोन ठरलेले. एवढ्या सगळ्याला नव्या बंदुकीच्या निम्मेही पैसे लागले नाहीत. दुनळी कुलपात आहे. निवडणुकीत पोलीस जमा करायला सांगतात तेव्हा मी हल्ली कुरकुर करत नाही.

चुलतभावाला हे सगळं मी दोन महिन्यांनी सांगितलं. तो काही बोलला नाही. पण रात्री मोटार चालू करायला येताना तो आता बांधावरूनच हाक मारतो.