गोंदण, वुजू आणि तौबा

हिंगोली जिल्ह्यात दोन प्रकारची गोंदणे पाहावयास मिळतात. औंढा, सेनगाव, कळमनुरीकडील खेड्यांत वयोवृद्ध स्त्रियांच्या हनुवटीवर, कपाळावर, मनगटावर हिरवट ठिपके असतात. तांड्यावरील बंजारा स्त्रिया, शेतकरी घरांतील आज्या आणि क्वचित एखाद्या मुस्लिम घरातील दादीजानही त्यांत आढळते. दुसरे गोंदण तरुणांच्या दंडावर असते. त्याला आता टॅटू म्हणतात. आईचे नाव, सिंहाचे तोंड, आवडत्या नेत्याचा चेहरा, पक्षाचे चिन्ह. आणि आपल्या मुलांच्या हातावर चंद्रकोर, 786 किंवा थेट अल्लाहचे नाव.

असा एखादा मुलगा रमजानमध्ये किंवा आजारी वडिलांच्या काळजीपोटी मशिदीत येऊ लागतो. बाह्या वर करून वुजूला बसतो आणि शेजारचा कोणी सांगून टाकतो, "तुझा वुजूच होत नाही, नमाज कुठून कबूल होणार?" मुलगा मान खाली घालून निघून जातो आणि पुन्हा येत नाही. बोलणाऱ्याला वाटते, आपण दीनची सेवा केली. वास्तविक त्याने शरियतच्या नावावर असे काही सांगितले, जे शरियतने सांगितलेले नाही. गोंदवून घेणे निषिद्ध आहे, यात शंका नाही. परंतु गोंदलेल्या माणसाला मशिदीचे दार बंद आहे, हा निर्णय कोणत्याही इमामाने दिलेला नाही. या दोन गोष्टींतील अंतर समजून घेणे आवश्यक आहे.

प्रथम निषेधाविषयी. सहीह बुखारी व सहीह मुस्लिममध्ये माननीय अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांचे कथन आहे. सौंदर्यासाठी अल्लाहच्या निर्मितीत बदल करणाऱ्या ज्या स्त्रियांवर धिक्कार सांगितला आहे, त्यांत गोंदणारी आणि गोंदवून घेणारी या दोघींचा उल्लेख प्रारंभीच येतो. बनू असद कबिल्यातील उम्मे याकूब नावाच्या एका स्त्रीने हे ऐकले. ती कुरआन वाचणारी होती. ती सरळ त्यांच्याकडे आली आणि म्हणाली की, मी संपूर्ण कुरआन वाचला, मला तर हे कोठे आढळले नाही. त्यांनी तिला सूरह हश्रच्या सातव्या आयतीकडे नेले. पैगंबर जे देतील ते घ्यावे आणि ज्यापासून रोखतील त्यापासून थांबावे, असा तेथे आदेश आहे. एका सामान्य स्त्रीने पुरावा मागावा आणि एवढ्या मोठ्या विद्वानाने तो शांतपणे द्यावा, हे दृश्य आपल्या आजच्या मशिदींनीही डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे.

माननीय उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतही हा प्रश्न आला. त्यांच्यासमोर गोंदण काढणारी एक स्त्री आणण्यात आली. त्यांनी घाईने शिक्षा फर्मावली नाही. उभे राहून उपस्थितांना अल्लाहची शपथ घालून विचारले की, याविषयी प्रेषितांकडून (स.) कोणी काही ऐकले आहे काय? माननीय अबू हुरैरा (रजि.) उठले आणि त्यांनी प्रेषितांची मनाई सांगितली : गोंदू नका आणि गोंदवून घेऊ नका.

निषेधाचे मूळ सूरह निसाच्या 119 व्या आयतीत दिसते. तेथे सैतानाने घेतलेली प्रतिज्ञा आहे. मी माणसांना आज्ञा देईन आणि ते अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करतील, असे तो म्हणतो. शरीर माणसाजवळ ठेव म्हणून आहे, अमानत आहे. ठेवीची निगा राखता येते, ती स्वच्छ ठेवता येते, तिला सजवताही येते. मेंदी लावण्यास म्हणूनच मुभा आहे. ती त्वचेवर चढते आणि काही दिवसांत उतरते. गोंदणाचे तसे नाही.

ते का टिकते, हे विज्ञानाने आता बरेच उलगडले आहे. पूर्वी तीनचार सुया एकत्र बांधून काजळीसारखा रंग टोचत असत. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली याने 1891 मध्ये विजेवरच्या यंत्राचे पेटंट घेतले. एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून ती कल्पना सुचलेली होती. तेव्हापासून काम वेगाने होऊ लागले, पण तत्त्व तेच राहिले. सुई वरच्या त्वचेखालील थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल रंग सोडते. शरीराच्या संरक्षक पेशी त्याला परका समजून गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या पेशी मरतात तेव्हा रंग बाहेर पडतो आणि नव्या पेशी तो पुन्हा गिळतात. फ्रान्समधील संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले. म्हणजे बाहेरून शोभा दिसते, आत मात्र शरीर आयुष्यभर एका परक्या पदार्थाशी झुंजत राहते. जत्रेत एकच सुई दहा हातांवर फिरली, तर कावीळ-ब, कावीळ-क आणि एचआयव्ही यांचा धोका वेगळाच. म्हणून तर रक्तपेढ्या टॅटू काढलेल्याचे रक्त वर्षभर घेत नाहीत.

जुन्या बायकांची समजूत होती की, गोंदण हा चोराला न चोरता येणारा आणि मेल्यावरही सोबत येणारा एकमेव दागिना आहे. गरिबीत जगलेल्या, अंगावर गुंजभर सोने नसलेल्या स्त्रियांची ही भावना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मात्र प्रेषितांनी (स.) सांगितले आहे की, मृताच्या मागे तीन गोष्टी जातात : घरची माणसे, संपत्ती आणि कर्म. पहिल्या दोन माघारी फिरतात, कर्म तेवढे सोबत राहते. सूरह हा-मीम सजदामध्ये तर त्वचा स्वतः बोलेल, असे म्हटले आहे. त्या दिवशी माणसे आपल्या कातडीलाच विचारतील की, तू आमच्याविरुद्ध साक्ष का दिलीस?

त्वचेवर लिहिण्याचा हव्यास केवळ हौसेचा नाही. सत्तेलाही तो फार पूर्वीपासून आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात बंगाल व मद्रासकडे जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदला जाई. त्या शिक्षेला गोदना हेच नाव होते. ती 1849 मध्ये बंद झाली. ऑशविट्झच्या छळछावणीत नाझींनी कैद्यांच्या हातावर क्रमांक गोंदले. आपल्या उपखंडात 1947 च्या फाळणीत पळवून नेलेल्या स्त्रियांच्या अंगावर शत्रूच्या धर्माच्या घोषणा गोंदण्यात आल्या. हे पाप सीमेच्या दोन्ही बाजूंनी झाले, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. ज्याच्यावर बळजबरी झाली आणि ज्याचे मन ईमानवर स्थिर राहिले, त्याच्यावर दोष नाही, हे सूरह नहलच्या 106 व्या आयतीत स्पष्ट आहे. प्रेषितांनी (स.) जनावराच्याही तोंडावर डाग देण्यास मनाई केली होती, हे येथे आठवते.

आजचा तरुण मात्र कोणी न सांगता नेत्याचा चेहरा दंडावर घेतो. नेता पाच वर्षांत पक्ष बदलतो. दंड बदलता येत नाही. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 12 आहे. त्यामुळेही असेल, आपल्या मुलांना वर्दीची ओढ आहे आणि पहाटे रस्त्याने धावणारी मुले गावोगाव दिसतात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत टॅटूची वेगळी तपासणी होते. तो डाव्या हाताच्या कोपराखालील आतल्या बाजूस किंवा पंजाच्या मागे चालतो, आणि त्या भागाच्या एक चतुर्थांशाहून लहान असावा लागतो. सलामीचा उजवा हात कोरा हवा. वर्षभर धावून, छाती फुगवून तयार झालेला मुलगा दंडावरील सिंहापायी वैद्यकीय तपासणीत बाद होऊ शकतो. मग लेसरची चौकशी सुरू होते. लेसर रंगाचे कण फोडतो आणि शरीर ते हळूहळू वाहून नेते. पण त्याला काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात, पैसा लागतो, आणि हिरवा-पिवळा रंग काळ्यापेक्षा अधिक हट्टी असतो.

आता वुजूचा प्रश्न. वुजूसाठी पाणी त्वचेच्या पृष्ठभागाला लागले पाहिजे. गोंदणाचा रंग त्वचेच्या आत असतो. वर कोणताही थर नसतो. पाणी त्वचेला लागते, म्हणून वुजूही होतो आणि गुस्लही. मतदानाच्या वेळी डाव्या तर्जनीला लावतात त्या शाईचेही असेच आहे. तिच्यातील सिल्व्हर नायट्रेट त्वचेला रंगवते, पापुद्रा धरत नाही. याउलट जत्रेत मुलांच्या हातावर चिकटवतात तो स्टिकरचा टॅटू पातळ पापुद्रा असतो, पाणी अडवतो. तो काढूनच वुजू करावा लागेल. नेलपॉलिशचा नियमही हाच. गंमत अशी की, लोक कायमच्या गोंदणावर बोट ठेवतात आणि या स्टिकरकडे कोणी पाहत नाही.

फिक्हच्या इमामांत मतभेद आहे तो पुढच्या मुद्द्यावर. शाफई मसलकनुसार टोचताना रक्त रंगात मिसळते, म्हणून ती जागा अपवित्र ठरते. इजा न होता काढता येत असेल तर गोंदण काढणे बंधनकारक, आणि इजेची भीती असेल तर तौबा पुरेशी. आपले कोकणी बांधव बहुतांशी याच मसलकचे आहेत. मराठवाड्यात बहुसंख्य हनफी आहेत. अल्लामा इब्ने आबिदीन (रह.) यांनी हनफी मत स्पष्ट केले आहे की, जागा धुतल्याने पवित्र होते, कातडी सोलण्याची आवश्यकता नाही. म्हणजे कोणत्याही मसलकात जखम करून, ॲसिड लावून, तापलेल्या लोखंडाने गोंदण जाळण्यास सांगितलेले नाही. काही मुले असा अघोरी प्रकार करतात. तो स्वतःच एक नवा गुन्हा आहे.

एक अपवादही ध्यानात असावा. अबू दाऊदमधील माननीय इब्ने अब्बास (रजि.) यांच्या कथनात, आजार नसताना गोंदणे, असे शब्द आले आहेत. कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार देताना नेमकी जागा कळावी म्हणून डॉक्टर शरीरावर एकदोन बारीक कायमचे ठिपके टोचतात. हे उपचाराचा भाग म्हणून आहे. त्यात संकोच नको. परंतु लग्नाआधी ब्युटी पार्लरमध्ये भुवयांवर मायक्रोब्लेडिंग केले जाते, ते नाव कितीही नवे असले तरी त्वचेत रंग टोचणेच आहे. काळ्या मेंदीबद्दलही सावध राहावे. खऱ्या मेंदीचा रंग काळाकुट्ट नसतो. त्यात पीपीडी नावाचे केसरंगाचे रसायन मिसळतात आणि हातावर फोड येतात.

अल्लाहचे नाव गोंदवणाऱ्या मुलांशी सौम्यपणे बोलावे लागेल. त्यांच्या मनात बहुधा प्रेम असते, ओळख दाखवण्याची तळमळ असते. पण ते नाव घेऊन तो शौचालयात जाणार, हे त्याने योजिलेले नसते. सूरह बकराच्या 138 व्या आयतीत अल्लाहच्या रंगाचा उल्लेख आहे. सूरह फत्हच्या शेवटी सजद्याच्या खुणेचा आहे, आणि भाष्यकारांनी त्या खुणेचा अर्थ चेहऱ्यावरील नम्रता असा लावला आहे. हे रंग सुईने चढत नाहीत.

माननीय अस्मा बिन्ते उमैस (रजि.) या माननीय अबू बक्र (रजि.) यांच्या पत्नी होत्या. एका रिवायतीत कैस बिन अबी हाजिम सांगतात की, त्यांनी त्यांच्या हातावर गोंदण पाहिले. इब्ने हजर (रह.) यांनी त्यावर लिहिताना, ते मनाईपूर्वीचे असावे, अशी शक्यता मांडली आहे. अबिसीनियाला हिजरत केलेल्या या थोर सहाबिया. त्यांच्या हातावरून त्यांचा दर्जा कोणी कमी लेखला नाही.

खेड्यांत मय्यतला गुस्ल देणाऱ्या स्त्रिया कधी कधी विचारतात की, दादीच्या हातावर गोंदण आहे, ते घासून काढावे लागेल काय? मृताचे हाड मोडणे जिवंताचे हाड मोडण्यासारखे आहे, असे हदीसमध्ये आले आहे. तिच्या देहाशी हात हळुवार असावा. गोंदणावरून इतर अंगासारखेच पाणी घालावे, पुसावे आणि कफन द्यावे.